पीयूसीत धूर मोजता, आता कण मोजा: परिवहन आयुक्तांना खुले पत्र

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातल्या एका आयटीआयमधून मोटार मेकॅनिक ट्रेडचा शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झालो. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज एसटीच्या आगारांत, कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरांत, हायवेवरच्या गॅरेजांत कामाला आहेत. काहींनी पीयूसी सेंटरं टाकली आहेत. त्यांच्याकडून जे कळतं आणि मी स्वतः जे पाहतो, त्यावरून आपल्याकडे एकच मागणी आहे. बीएस-६, म्हणजे धुराच्या सध्याच्या नियमाखालच्या डिझेल गाड्यांच्या पीयूसीत आज आपण धुराचा काळेपणा बघतो. तेवढ्यानं भागत नाही. सायलेन्सरच्या नळीतून किती कण बाहेर पडतात ते मोजायला महाराष्ट्रानं सुरुवात करावी.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं, डिझेलमधलं गंधक १० पीपीएमवर आलं. त्या नियमात डिझेल कारसाठी कणांच्या दोन मर्यादा आहेत. एक वजनाची, किलोमीटरमागे ४.५ मिलिग्रॅम. दुसरी संख्येची, किलोमीटरमागे ६०,००० कोटी कण. आकडा अवाढव्य वाटतो, पण फिल्टर नसलेलं डिझेल इंजिन याच्या कितीतरी पट कण सहज सोडतं. म्हणूनच कंपन्यांना प्रत्येक डिझेल गाडीला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर बसवावा लागला. नवं मॉडेल मंजूर होताना ही मोजणी काटेकोर होते; आमच्या पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत त्यासाठी सगळी यंत्रसामग्री आहे. गाडी एकदा शोरूममधून रस्त्यावर आली की मात्र तिचे कण पुन्हा कुणी मोजत नाही. पुढची दहा-पंधरा वर्षं तिच्या पीयूसीत बघायचा तो फक्त धूर.

वजनाची मर्यादा असताना संख्येची वेगळी मर्यादा का लागली, हे समजून घेण्यासारखं आहे. डिझेलच्या धुरातले बहुसंख्य कण १०० नॅनोमीटरच्या आतले असतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपण हवेच्या बातम्यांत ऐकतो तो पीएम २.५ चा एक मोठा, म्हणजे २,५०० नॅनोमीटरचा कण घ्या आणि ५० नॅनोमीटरचे कण घ्या. त्या एका कणाच्या वजनात हे बारीक कण सव्वा लाख बसतात, आणि त्यांचा मिळून पृष्ठभाग त्या एकाच्या पन्नासपट होतो. शरीराशी जो काही संबंध येतो तो पृष्ठभागाचा येतो, कारण जळक्या तेलाचे अंश आणि धातूचे कण तिथेच चिकटलेले असतात. वजनकाट्यावर हे सव्वा लाख आणि तो एक सारखेच. घरात वाळवी लागली तर आपण तिचं वजन करत बसत नाही.

आता ते जातात कुठे, ते पाहू. मोठी धूळ नाकात अडते, घशात अडते, श्वासनळ्यांतल्या चिकट द्रवात अडकते, आणि तिथले सूक्ष्म केस ती हळूहळू वर ढकलतात. आपण खाकरतो, शिंकतो, ती बाहेर पडते. नॅनोकण हवेबरोबर थेट शेवटच्या वायुकोशांपर्यंत उतरतात. साधारण २० नॅनोमीटरचे कण श्वासात घेतले तर त्यातले जवळपास निम्मे वायुकोशांतच बसतात. तिथे ढकलणारे केस नाहीत. तिथे भक्षक पेशी असतात, बाहेरून आलेला कण गिळणं हे त्यांचं काम; पण इतके बारीक कण त्यांच्या हाती नीट लागत नाहीत आणि बरेचसे निसटतात. वायुकोशातली हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा साधारण अर्ध्या मायक्रॉनचा, म्हणजे ५०० नॅनोमीटर. कण त्याच्या दहाव्या हिश्श्याचा. फुफ्फुसात बसलेल्या कणांमुळे सूज धरते, त्या सुजेतून रक्तात रसायनं सुटतात, रक्त गोठण्याकडे झुकतं. आणि काही कण स्वतःच पडदा ओलांडून रक्तात उतरतात.

हे शेवटचं वाक्य मी ऐकीव म्हणून लिहीत नाही. एडिंबरात संशोधकांनी निरोगी माणसांना सोन्याचे नॅनोकण हुंगायला दिले. सोनं निवडलं, कारण ते शरीराला अपाय करत नाही आणि शरीरात दुसरीकडून येतही नाही, त्यामुळे सापडलं तर कुठून आलं याबद्दल शंका राहत नाही. काहींच्या रक्तात ते १५ मिनिटांत सापडलं. तीन महिन्यांनीही ते रक्तात आणि लघवीत होतं. कण जितके बारीक तितके जास्त पलीकडे गेले. पक्षाघाताचा धोका असलेल्या काही रुग्णांनाही शस्त्रक्रियेआधी हे कण दिले होते. त्यांच्या मानेच्या रोहिणीत साचलेले चरबीचे थर शस्त्रक्रियेत काढले, त्यांत सोनं मिळालं. म्हणजे रक्तवाहिनी जिथे आधीच आजारी आहे, नेमके तिथे कण जमतात. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी वारेच्या, म्हणजे आईकडून गर्भाला पोषण पोचवणाऱ्या अवयवाच्या, गर्भाकडच्या बाजूला काजळीचे कण दाखवले. त्याआधी २०१६ मध्ये मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरमधल्या मृत व्यक्तींच्या मेंदूत लोहाचे गोलसर नॅनोकण सापडले होते, मोठ्या उष्णतेत वितळून तयार होतात तसे. मेंदूच्या आजारांशी त्यांचा संबंध अजून सिद्ध झालेला नाही आणि मी तो जोडणार नाही. पण ते तिथवर पोचतात, एवढं नक्की.

आपल्या खात्यासाठी मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते दोन अभ्यास. पहिला लंडनचा, २००७ चा. दम्याच्या ६० रुग्णांना एक दिवस ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून दोन तास चालवलं, दुसऱ्या एखाद्या दिवशी हाइड पार्कातून. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर त्या काळी फक्त बस आणि टॅक्सी धावायच्या, म्हणजे जवळजवळ सगळं डिझेल. रस्त्यावर चालल्यावर एका सेकंदात जोरानं बाहेर सोडता येणारी हवा ६.१ टक्क्यांपर्यंत घटली, आणि ही घट सर्वांत जास्त जुळली ती अतिसूक्ष्म कण आणि काजळीशी. दुसरा अभ्यास २०११ चा. त्यात माणसांना पातळ केलेला डिझेलचा धूर हुंगायला दिला, एकदा फिल्टरविना आणि एकदा फिल्टरमधून काढून. फिल्टरविना दिलेल्या धुरानं रक्ताच्या गुठळ्या वाढल्या आणि रक्तवाहिन्या सैल होईनात. फिल्टर लावल्यावर एका घन सेंटीमीटरमधले लाखांतले कण काहीशेंच्या आत आले आणि हे परिणाम ओसरले. इंजिन तेच, डिझेल तेच, वायूही बहुतेक तेच. फरक एका फिल्टरचा.

तो फिल्टर आज आपल्या रस्त्यांवर कोणत्या अवस्थेत आहे, ते सांगतो.

माझ्या टेबलावर डीपीएफच्या आतला ठोकळा पडलेला आहे. शाळेच्या मिनीबसमधून काढलेला. माझा एक जुना विद्यार्थी ज्या गॅरेजात कामाला होता तिथे तो भंगारात निघाला होता, तो माझ्याकडे घेऊन आला. सिरॅमिकचा आहे, आरपार बारीक चौकोनी नळ्यांचा. पण एकेक नळी आळीपाळीनं बंद केलेली, म्हणजे धुराला सच्छिद्र भिंतीतून झिरपूनच पलीकडे जावं लागतं. ठोकळ्याचं इंजिनाकडचं तोंड डांबरासारखं काळं आहे, बोट लावलं की बोट काळं होतं आणि साबणानंही लवकर निघत नाही. सायलेन्सरकडचं तोंड राखाडी-पांढरं, कोरडं, स्वच्छ. दोन तोंडांमधलं अंतर जेमतेम वीतभर. या ठोकळ्यानं जे अडवलं ते आता त्या बसच्या मागे हवेत जातं. बस शाळेच्या दारात इंजिन चालू ठेवून उभी असते, आणि नळीच्या उंचीवर कोणाची नाकं असतात हे वेगळं सांगायला नको.

फिल्टर काढायची पद्धत आता गॅरेजांत सर्रास झाली आहे. त्याचा डबा गॅस कटरनं उघडतात, ठोकळा फोडून काढतात, डबा पुन्हा वेल्ड करून जागेवर बसवतात. मग लॅपटॉप लावून ईसीयूचा, इंजिनाच्या संगणकाचा, प्रोग्राम बदलतात, त्याला रीमॅपिंग म्हणतात, म्हणजे डॅशबोर्डवरचा दिवा लागत नाही. वरून बघणाऱ्या निरीक्षकाला डबा जागच्या जागी दिसतो. गाडीखाली वाकून बघितलं तरी फार तर एक वेल्डिंगची शिवण दिसेल.

मालक हे हौसेनं करत नाहीत, हेही सांगायला हवं. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. गाडी एक्स्प्रेसवेवर एका दमात धावली की ते काम आपोआप होतं. स्वारगेट ते हडपसर रांगत चालणाऱ्या गाडीत ते होत नाही; अर्ध्यावर असताना ड्रायव्हर इंजिन बंद करतो, फिल्टर चोंदतो, दिवा लागतो, गाडी ओढत नाही. नव्या फिल्टरची किंमत ऐकून एक-दोन गाड्यांवर पोट असलेला माणूस हबकतो. तेवढ्यात कोणीतरी सांगतं की काढूनच टाक, ॲव्हरेजही वाढेल. गाडी विकताना अर्धा तास एका वेगानं चालवायची गरज त्याला कोणी समजावलेली नसते. दिवा लागला की लगेच यायला सांगितलेलं नसतं. मालकावर चिडण्याआधी मी इथे विक्रेत्यांना जाब विचारीन.

आता पीयूसी. डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे नळीत प्रोब घालायचा, गिअर न्यूट्रल ठेवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा, असं काही वेळा करायचं, आणि बाहेर येणाऱ्या धुरातून प्रकाश किती अडतो ते यंत्र दाखवतं. ही पद्धत जुन्या इंजिनांसाठी जन्मली. ती काळाकुट्ट धूर ओकायची आणि हे यंत्र त्यांना पकडायचं. आजचं कॉमन रेल इंजिन डिझेलची फवारणी इतक्या दाबानं आणि इतकी बारीक करतं की फिल्टर काढला तरी धूर डोळ्यांना फारसा दिसत नाही. कण मात्र कोट्यवधींनी असतात. ते इतके बारीक की प्रकाश अडवायला अपुरे पडतात, आणि गाडी पास होते. प्रोब न घालताच मिळणाऱ्या सर्टिफिकेटांबद्दल मी इथे लिहीत नाही, तो विषय आपल्याला माझ्याहून जास्त माहीत आहे. मी म्हणतो ते वेगळं आहे: तपासणी अगदी प्रामाणिक झाली तरी फिल्टर काढलेली बीएस-६ गाडी तिच्यातून सुटू शकते.

मी मुलांना एक साधी खूण शिकवायचो. इंजिन थंड असताना नळीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. फिल्टर शाबूत असलेल्या डिझेल गाडीच्या नळीत बोट जवळपास स्वच्छ निघतं. दाट काजळी लागली तर फिल्टर तडकलेला आहे किंवा नाहीच. कुठल्याही पार्किंगमध्ये जाऊन कोणीही हे बघावं. पण बोटाच्या जोरावर चलान फाडता येत नाही, त्याला यंत्राचा आकडा लागतो.

ते यंत्र आहे. बेल्जियमनं जुलै २०२२ पासून, नेदरलँड्सनं जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीनं जुलै २०२३ पासून गाड्यांच्या नियमित तपासणीत कणमोजणी सुरू केली. नळीत प्रोब घालायचा, इंजिन नुसतं आयडलवर ठेवायचं, ॲक्सिलरेटरला पाय लावायची गरज नाही. थोड्या वेळात आकडा येतो. पहिल्या दोन देशांनी घन सेंटीमीटरला १० लाख कणांची मर्यादा ठेवली, जर्मनीनं अडीच लाखांची. चांगला फिल्टर असलेल्या गाडीचा आकडा हजारांत राहतो, कधी तर भोवतालच्या हवेपेक्षाही कमी. फिल्टर काढलेल्या गाडीचा दशलक्षांत जातो. मध्ये इतकं अंतर आहे की वाद घालायला जागाच उरत नाही. गाडीचं इंजिन तापवून लाल करायला नको, ऑपरेटरला वर-खाली करायला वाव कमी, वेळही वाचतो. मला हे यंत्र आवडायचं कारण मेकॅनिकचं आहे: ते फिल्टर आहे की नाही या एकाच प्रश्नाला सरळ उत्तर देतं.

हवेच्या फलकावर आकडा चांगला आहे, मग एवढी घाई कशाला, असं आपले अधिकारी म्हणू शकतील. तो फलक वजनाचा आहे. आपली २००९ ची राष्ट्रीय मानकं पीएम १० आणि पीएम २.५ चं वजन सांगतात, कणांची संख्या नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये प्रथमच संख्येबद्दल मार्गदर्शन दिलं: दिवसाची सरासरी घन सेंटीमीटरला १,००० च्या आत असेल तर कमी, १०,००० च्या वर गेली तर जास्त. युरोपीय संघानं २०२४ च्या कायद्यात अतिसूक्ष्म कणांचं मोजमाप आणलं. शिवाय हे कण रस्त्यालाच सर्वांत दाट असतात. लॉस एंजेलिसच्या महामार्गांवर मोजलं तेव्हा साधारण ३०० मीटरवर त्यांची संख्या आसपासच्या हवेइतकी खाली आलेली होती. म्हणजे इमारतीच्या गच्चीवरचं यंत्र काहीही सांगो, नवले पुलाखाली उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाची, सिग्नलला गजरे विकणाऱ्या बाईची आणि टपरीवाल्याची हवा वेगळी असते. आमच्या पुण्यात मुली स्कूटरवर डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फनं बांधतात. धूळ आणि ऊन थोपवायला तो ठीक, पण या कणांना तो फारसा अडवत नाही. नीट बसणारा एन-९५ त्यांतले बहुतेक अडवतो, पण चौकात आठ तास शिट्टी वाजवणाऱ्या माणसाला तो लावून काम करायला सांगणं सोपं नाही.

आणखी एक गोष्ट मला झोपू देत नाही, ती लिहितो. फिल्टर काढणं चूक, मग तो साफ करा, असं आम्ही सांगतो. पण साफ कसा होतो? रस्त्यालगतच्या गॅरेजात मुलगा फिल्टर खाली उतरवतो, उघड्यावर धरतो आणि कॉम्प्रेसरची हवा मारतो. बंद डब्यात अडकलेली काजळी आणि राख एका ढगात बाहेर येते आणि त्याच्या तोंडावर बसते. वय सतरा-अठरा. तोंडाला रुमाल, तोही पाना पुसायचा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलच्या धुराला २०१२ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं, आणि त्यामागचा मोठा पुरावा खाणींतल्या आणि वाहतुकीतल्या कामगारांचाच होता. ज्यांच्या हातून हा फिल्टर जपला जायचा, त्यांनाच आपण त्यातलं सगळं हुंगायला लावतो आहोत. बंद पेटीत, शोषण पंखा लावून, राख सीलबंद गोळा करून फिल्टर साफ करता येतो. प्रत्येक मोठ्या शहरात अशी दोन-चार केंद्रं हवीत आणि उघड्यावरचं काम थांबायला हवं. आयटीआयच्या अभ्यासक्रमात याचा धडा असावा. तो शिकवायला मी मोफत यायला तयार आहे.

पीयूसी ज्यात येते तो मोटार वाहन नियम ११५ केंद्राचा आहे, तिची पद्धत आपण एकट्यानं बदलू शकत नाही, हे मला ठाऊक आहे. पण केंद्राकडे आकड्यांसह प्रस्ताव पाठवणं आपल्या हातात आहे, आणि आकडे गोळा करायला पुण्यासारखं ठिकाण नाही. एआरएआय इथे आहे, भोसरीला सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची संस्था आहे. एखाद्या आरटीओच्या फिटनेस ट्रॅकवर एक कणमोजणी यंत्र ठेवा. येणारी प्रत्येक बीएस-६ डिझेल गाडी मोजा. सुरुवातीला दंड नको, कोणाचं सर्टिफिकेट अडवू नका, फक्त लिहून ठेवा आणि आकडे जाहीर करा. किती गाड्यांचे फिल्टर गायब आहेत ते लोकांना कळू द्या. मग कारवाई मालकाच्या आधी गॅरेजांवर आणि रीमॅपिंग करणाऱ्यांवर व्हावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशा बदलांना बंदी आहे आणि १८२अ मध्ये शिक्षाही आहे, फक्त पुरावा हाती नसतो म्हणून ती कलमं पडून आहेत. सरकारच्या स्वतःच्या गाड्या, रुग्णवाहिका, एसटी आणि महापालिकांच्या डिझेल बस पहिल्या रांगेत असाव्यात.

दुचाकींचं काय, जुन्या बीएस-३ ट्रकचं काय, वेल्डिंगच्या धुराचं काय, हे प्रश्न खरे आहेत आणि तेही घ्यावे लागतील. दुचाकींना तर कणसंख्येची मर्यादाच नाही. पण जिथे इलाज गाडीला आधीच बसवलेला आहे, त्याचे पैसे ग्राहकानं मोजलेले आहेत आणि तो कटरनं कापून भंगारात टाकला जातो आहे, तिथून सुरुवात करायला कशाची वाट बघायची?

दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडण्याआधी आपलं खातं स्कूलबसची फेरतपासणी घेतं. ब्रेक बघता, आपत्कालीन दार बघता, अग्निशामक बघता. येत्या मे महिन्यात पुण्यात त्याच रांगेत नळीत हा प्रोबही घालावा, एवढी विनंती आहे. यंत्र मिळवून द्या. ते चालवायला आणि नोंदी ठेवायला माझे जुने विद्यार्थी विनामोबदला येतील, तसं त्यांनी मला कळवलं आहे. दिवस आणि जागा आपल्या कार्यालयानं सांगावी.

आपला विश्वासू,
मोटार मेकॅनिक ट्रेडचा एक निवृत्त शिल्प निदेशक, पुणे